नर्सबाईंची धुळपाटी

आमच्या आजोबांच्या पिढीने अक्षरं गिरवली ती धुळपाटीवर. आताच्या नातवंडांना धुळपाटी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. एक लाकडी फळी, तिच्यावर पसरलेली बारीक धूळ, आणि त्या धुळीत बोटाने किंवा काडीने काढायचं अक्षर. चुकलं की तळहाताने धूळ सारखी केली, पाटी पुन्हा कोरी! बोरू, शाई आणि कागद या महागाच्या वस्तू हाती येण्याआधी पोराचा हात असा शेकडो वेळा वळलेला असे.

सारी हयात मुलांना शिकवण्यात गेली म्हणून असेल, पण धुळपाटीचा मला सगळ्यात मोठा वाटणारा गुण हा, की तिच्यावर केलेली चूक कुणालाच महागात पडत नाही. 'ळ' शंभर वेळा वाकडा आला तरी कुणाचं काय गेलं?

पण काही विद्या अशा असतात, की त्यांतली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते. तान्ह्या बाळाच्या बारीक शिरेत सुई घालणं, बाळंतिणीचा न थांबणारा रक्तस्राव थांबवणं, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं. ही कामं नर्सने शिकायची तरी कशावर? पहिली सुई कुणाच्या हातात टोचायची? पहिला श्वास कुणाच्या बाळाला द्यायचा? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्यात चक्क बाहुल्या आहेत. आज त्याबद्दलच लिहिते आहे.

आमच्या नात्यात नर्स झालेल्या दोन-तीन मुली आहेत. त्या हे वाचतीलच, आणि 'मावशी, हे राहिलं' म्हणून भरही घालतील. त्यांच्याशी बोलता बोलता, थोडं वाचता वाचता हा विषय डोक्यात घोळत राहिला. मी वैद्यक शिकलेली नाही, मराठी घेऊन बी. ए. झालेली शिक्षिका आहे. त्यामुळे माझं लक्ष आहे ते 'शिकणं' या एका गोष्टीकडे.

आधी नर्सबाईंची अडचण काय असते ते पाहू. आमच्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पूर्वी बाळंतपणं घरीच होत. सुईण यायची, घरातल्या जाणत्या बायका मदतीला असायच्या. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशाताई आल्या, २०१४ पासून १०८ ची गाडी धावायला लागली, आणि बाया हळूहळू दवाखान्याकडे वळल्या. ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यामुळे एक फार मोठी जबाबदारी गुपचूप येऊन पडली ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सवर. रात्री दोन वाजता बाळ जन्मलं आणि रडलंच नाही, तर त्या वेळी खोलीत असते ती एकटी नर्स. अवघड केस पुढे पाठवायची म्हटली तर आमच्याकडून सिल्वासा, वलसाड नाहीतर थेट ठाणे-मुंबई. आणि त्या बाळाकडे तर तासही नसतो. त्याच्याकडे असतं एक मिनिट. डॉक्टर लोक त्याला 'गोल्डन मिनिट' म्हणतात.

जगभरचा अनुभव असा, की शंभरातल्या नव्वदेक बाळांना काही करावं लागत नाही, ती आपली आपण रडतात. दहाएक बाळांना थोडी मदत लागते. बहुतेकांना कोरडं करून पाठ चोळली की पुरतं. त्यांतल्या काहींना मात्र पिशवी आणि मुखवटा लावून छातीत हवा भरावी लागते. (या पिशवीला नर्सेस 'अंबू बॅग' म्हणतात.) सांगायला सोपं वाटतं. पण मुखवटा नाक-तोंडावर घट्ट बसला पाहिजे आणि डोळ्यांवर दाब येता कामा नये. मान किंचित मागे हवी, जास्त नाही. पिशवी दाबली की छाती वर आली पाहिजे. मिनिटाला चाळीस ते साठ वेळा, मोजून. कडेने हवा गळली तर सगळी मेहनत वाया.

आता एक साधं गणित मांडू. एखाद्या केंद्रात महिन्याला वीस बाळंतपणं होतात असं धरू. पिशवी लावावी लागेल असं बाळ त्यांत एखादंच. केंद्रात तीन-चार नर्सेस पाळीपाळीने काम करणार. म्हणजे एका नर्सच्या वाट्याला ही वेळ वर्षातून तीन-चारदाच येणार, आणि येईल तेव्हा न सांगता येणार. जे काम वर्षातून तीनदा करायचं आणि तीनही वेळा अचूकच करायचं, त्याचा हात कसा टिकणार? परीक्षा झाली, पदवी मिळाली, नोंदणी झाली, तरी हा प्रश्न संपत नाही. उलट तिथून तो सुरू होतो.

हा प्रश्न जुना आहे म्हटलं, तर अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जाऊन येऊ. तिथल्या खेड्यांतही तेव्हा बाळंतपणं अडाणी म्हटल्या जाणाऱ्या सुइणीच करत, आणि आई-बाळं दगावत. माडाम द्यु कुद्रे नावाची पॅरिसमध्ये शिकलेली एक सुईण होती. खेड्यातल्या बायांना शिकवायला गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की यांना लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा नुसतं सांगून उपयोग नाही. मग तिने कापड, कातडं आणि भरण घालून बाईच्या कमरेएवढ्या भागाची आणि बाळाची बाहुली शिवली. बाळ आडवं आलं तर हात कसा घालायचा, पायाळू असेल तर कसं सोडवायचं, हे सगळं त्या बाहुलीवर करून दाखवायचं आणि मग प्रत्येकीकडून करून घ्यायचं. त्या बाहुलीला ती 'यंत्र' म्हणत असे. १७५९ साली राजा पंधराव्या लुईने तिला देशभर फिरून शिकवायची परवानगी दिली. पुढची वीसपेक्षा जास्त वर्षं ही बाई घोडागाडीत बाहुली घालून गावोगाव फिरली आणि तिने हजारो बायांना शिकवलं. त्यांतली एक बाहुली फ्रान्समधल्या रुआं शहरातल्या संग्रहालयात अजून जपून ठेवलेली आहे.

या हकिगतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिने बायांना पॅरिसला बोलावलं नाही, ती बाहुली घेऊन त्यांच्या गावाला गेली. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

दुसरी बाहुली अमेरिकेतली. कनेटिकट राज्यात हार्टफर्ड गावच्या हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा होती. तिथल्या प्रमुख बाईंनी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंना सांगून पुरुषभर उंचीची एक बाहुली करून घेतली. १९११ साली ती शाळेत आली आणि पोरींनी तिचं नाव ठेवलं 'मिसेस चेस'! तिला उठवायचं, बसवायचं, अंग पुसायचं, अंथरुणात ती असताना चादर बदलायची. नंतरच्या बाहुल्यांच्या दंडात इंजेक्शन द्यायची सोयही केली गेली. किती पिढ्यांनी त्या मिसेस चेसची सेवा केली असेल! आणि एकदाही तिने तक्रार केली नाही.

तिसरी बाहुली नॉर्वेतली, तिच्याबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. आस्मुंड लेर्डाल हे खेळणी बनवणारे कारखानदार. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या आणि मोटारी करायचे. तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवता येतो हे १९५० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी सिद्ध केलं, पण लोकांना ते शिकवायचं कशावर? जिवंत माणसावर सराव करणं बरं नव्हे. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून लेर्डाल यांनी १९६० साली 'ॲन' नावाची बाहुली तयार केली. छाती दाबता येते, तोंडाने हवा भरली की छाती फुगते. तिचा चेहरा घेतला होता पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून. जिला कुणी वाचवू शकलं नाही, असं जिच्याबद्दल सांगतात, तिच्या चेहऱ्यावर जगभरच्या लोकांनी जीव वाचवायचा सराव केला. असो, हे सांगताना जरा गलबलतंच.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत नर्सिंग शिकायला गेल्या, आणि पहिल्या भारतीय नर्स म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत विधवा होत्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे त्या काळच्या घरांना पटवणं किती कठीण गेलं असेल याचा विचार करा! त्या बायका शिकल्या त्या वॉर्डात, थोरल्या सिस्टरच्या मागे उभं राहून. आधी बघ, मग कर, मग दुसरीला शिकव. सुतार, लोहार आणि स्वयंपाक शिकणाऱ्या मुली अशाच शिकत आल्या, त्यामुळे ही पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही. चांगली थोरली सिस्टर मिळाली तर तिच्यासारखा गुरू नाही.

पण या पद्धतीत एक गोष्ट झाकली जाते. नवशिक्या हाताचा सराव झाला तो कुणाच्या अंगावर? पैसे देऊन खास खोलीत राहणाऱ्या रोग्याच्या अंगावर बहुधा नाही. जगभर सगळीकडे तो झाला धर्मादाय वॉर्डातल्या गरिबाच्या अंगावर. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या शिरेत तिसऱ्यांदा सुई खुपसली गेली. शिकणारीचा यात काही दोष नव्हता, तिला दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. पण शिकण्याची किंमत मोजली ती त्या माणसाने, हे तर खरं ना? आमच्या भागातल्या वारली बायका दवाखान्यात काही विचारत नाहीत, मान खाली घालून बसून राहतात. त्या गप्प बसतात याचा अर्थ त्यांना दुखत नाही असा होत नाही. म्हणून मला बाहुलीचा विषय हा नुसता शिक्षणपद्धतीचा वाटत नाही, न्यायाचाही वाटतो.

शाळेत आपण अभिरूप संसद भरवतो. सभापती असतात, विरोधी पक्ष असतो, गोंधळही अगदी खरा असतो, पण कायदा काही होत नाही. तसंच हे अभिरूप बाळंतपण, अभिरूप रुग्ण. इंग्रजीतल्या 'सिम्युलेशन' या शब्दाला मला 'अभिरूप सराव' हा शब्द बरा वाटतो. हा सराव शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी जितका गरजेचा, त्याहून जास्त तो शिकून झालेल्या, नोकरीतल्या नर्ससाठी गरजेचा आहे, कारण खरा रोगी तिच्याच हातात असतो. २०२० साली करोना आला तेव्हा साध्या वॉर्डातल्या किती नर्सेसना अचानक अतिदक्षता विभागात उभं राहावं लागलं ते आपण सर्वांनी पाहिलं. पदवी तीच, पण काम वेगळं. अशा विशेष कामांसाठी हात पुन्हा वळवावा लागतो.

भारत सरकारने २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला, त्यात नर्सेसना आणि डॉक्टरांना जन्मलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा हे शिकवायला सुरुवात झाली. २०१० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' म्हणजे 'बाळाला श्वास घ्यायला मदत करू या' असा एक सुटसुटीत अभ्यासक्रम काढला. तो खास आपल्यासारख्या, साधनं कमी असलेल्या ठिकाणांसाठी. त्यातलं बाळ म्हणजे प्लास्टिकची घडी घालता येण्याजोगी बाहुली. तिच्यात कोमट पाणी भरलं की ती खऱ्या तान्ह्या बाळासारखी जड आणि लुळी होते. शिकवणारी बाई नळीला जोडलेला फुगा दाबून तिला श्वास घ्यायला लावते, दुसरा फुगा दाबून नाळेतली धडधड दाखवते. दोघींनी मिळून एक बाहुली घ्यायची. एकीने नर्स व्हायचं, दुसरीने बाळ चालवायचं. छाती वर आली तरच बाळ 'रडणार'. आली नाही तर मुखवटा पुन्हा बसव, मान पुन्हा नीट कर. धुळपाटीच ती!

हा अभ्यासक्रम आपल्या मराठी मुलखाच्या कडेला, बेळगावात फार पद्धतशीरपणे तपासला गेला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी ग्रामीण आरोग्य केंद्रांतल्या आणि शहरातल्या दवाखान्यांतल्या जवळजवळ सहाशे जणांना शिकवलं आणि आधीच्या व नंतरच्या बाळंतपणांची नोंद ठेवली. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की मृत जन्मलेली म्हणून नोंदली जाणारी बाळं शेकडा ३ होती, ती शेकडा २.३ वर आली.

हा आकडा मी दोन-तीनदा वाचला. मेलेलं बाळ तर कुणी जिवंत करू शकत नाही. मग मृत जन्म कमी कसे झाले? याचं उत्तर अंगावर काटा आणणारं आहे. त्यांतली काही बाळं मेलेली नव्हतीच. ती जिवंत होती, फक्त श्वास घेत नव्हती, रडत नव्हती, निळी आणि लुळी होती. पूर्वी त्यांना 'मेलेलं जन्मलं' म्हणून कापडात गुंडाळून बाजूला ठेवलं जाई. हात वळलेल्या नर्सने त्यांना एक मिनिट दिलं, आणि त्यांतली काही रडली. किती आयांना गेल्या शेकडो वर्षांत 'तुझं मेलेलंच होतं' असं सांगितलं गेलं असेल, याचा विचार केला की पुढे वाचवत नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे बाहुल्या वाटल्या की झालं काम! तसं नाही, आणि ते सांगितलं नाही तर लेख अर्धवट राहील. त्याच बेळगावच्या अभ्यासात जन्मानंतर महिन्याभरात जाणाऱ्या बाळांचं प्रमाण मात्र बदललेलं दिसलं नाही. नंतर बेळगाव, आपलं नागपूर आणि आफ्रिकेतलं केनिया अशा तीन ठिकाणी मिळून मोठा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या तिन्हींच्या एकत्रित आकड्यांत मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही. बाळं इतरही कारणांनी जातात. फार कमी वजनाची असतात, जंतुसंसर्ग होतो, आई उशिरा पोचते. या सगळ्यावर बाहुलीचा इलाज चालत नाही.

पण त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट समोर आली, आणि माझ्यासारख्या शिक्षिकेला ती जास्त महत्त्वाची वाटली. शिबिरानंतर लगेच घेतलेल्या परीक्षेत जवळजवळ सगळ्या जणी पास झाल्या. काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली, तर लेखी उत्तरं बऱ्यापैकी आठवत होती, पण हात मात्र उतरला होता. पुन्हा उजळणी घेतल्यावर तो वर आला. म्हणजे डोकं लक्षात ठेवतं आणि हात विसरतो. पाढे पाठ करून घेणाऱ्या कुठल्याही मास्तराला हे कळेल. एप्रिलमध्ये खडाडा म्हणणारी मुलं जूनमध्ये सतराच्या पाढ्याला अडतात. एका शिबिराने आणि एका प्रमाणपत्राने हात तयार राहत नाही.

मग करायचं काय? याचं उत्तर आफ्रिकेत टांझानियातल्या हैडम नावाच्या खेडेगावातल्या हॉस्पिटलात सापडतं. तिथेही आधी एक दिवसाचं शिबिर झालं. बाहुलीवर सगळ्या जणी छान करून दाखवू लागल्या, पण प्रत्यक्ष बाळंतपणाच्या खोलीत काहीच फरक पडला नाही! मग तिथल्या लोकांनी वेगळा विचार केला. बाहुली आणि पिशवी बाळंतपणाच्या खोलीपाशीच ठेवली. आठवड्यातून एकदा, कामावर असतानाच, दोघीदोघींनी मिळून तीन ते पाच मिनिटं सराव करायचा, आणि महिन्यातून एकदा थोडा मोठा सराव. बस, इतकंच. आधी जन्मानंतरच्या चोवीस तासांत हजारी ११.१ बाळं जात, ती ७.२ वर आली. हा अभ्यास २०१५ सालचा. नवी इमारत नाही, महागडं यंत्र नाही. बाहुली तीच, फक्त ती शिबिराच्या सभागृहातून उठून खाटेशेजारी आली आणि सराव वर्षातून एकदाच्या ऐवजी दर आठवड्याला झाला.

हे वाचलं आणि मला आमची कोसबाडची टेकडी आठवली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि १९५७ साली हे काम कोसबाडला आलं. बालवाडी तयार होती, बाई तयार होत्या, पण पाड्यावरची वारली मुलं काही येईनात. धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार? गुरं कोण चारणार? तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्या बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. तीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा हेच नाव देशभर गेलं. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. मॉन्टेसरी पद्धतीची परदेशी साधनं परवडणार नाहीत, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे गोळा करून त्यांवर मोजायला आणि ओळखायला शिकवलं. शिक्षण शिकणाऱ्याच्या अंगणात न्यायचं, साधन साधं ठेवायचं आणि रोज थोडं थोडं करून घ्यायचं. कोसबाडच्या टेकडीवर हे सत्तर वर्षांपूर्वी उमगलं होतं, आणि हैडमच्या नर्सेसनी ते वेगळ्या कामात करून दाखवलं.

आणखी एक धागा आहे. मारिया मॉन्टेसरी स्वतः डॉक्टर होत्या. मुलाने सदऱ्याची बटणं लावायला शिकावं म्हणून त्यांनी लाकडी चौकटीला कापड लावून त्यावर नुसती बटणं बसवली. अंगातल्या सदऱ्याशी झगडण्याआधी समोरच्या चौकटीवर हात वळवायचा. एका वेळी एकच अवघड गोष्ट. बाहुलीच्या तोंडावर नुसता मुखवटा बसवायचा सराव हा त्या बटणाच्या चौकटीचाच भाऊबंद आहे, नाही का?

आपल्या देशात या बाबतीत काहीच होत नाही असं नाही. नर्सेस आणि ए.एन.एम. बाईंसाठी कौशल्य प्रयोगशाळा उभारायच्या सूचना केंद्र सरकारने २०१३ साली काढल्या. पुढे दिल्लीत 'दक्ष' नावाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा निघाल्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या पुढाकाराने गुरुग्रामला २०१८ साली अभिरूप सरावाचं एक राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. २०२१ च्या नव्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमातही या सरावाला जागा मिळाली. हे सगळं चांगलंच आहे. पण गुरुग्राम आमच्यापासून फार लांब आहे. तलासरीच्या नर्सला आठवडाभर प्रशिक्षणाला पाठवायचं, तर त्या आठवड्यात तिच्या जागी कोण? आणि ती शिकून आली तरी सहा महिन्यांनी तिचा हात उतरणारच, मग पुन्हा गुरुग्राम?

शाळेतल्या प्रयोगशाळेची कपाटं आठवतात का तुम्हाला? भिंग, परीक्षानळ्या, सांगाडा, सगळं असे, पण कुलपात. मोडलं तर हिशेब द्यावा लागेल म्हणून. तपासणीच्या दिवशी तेवढं कुलूप उघडे. बाहुल्यांचंही असं होऊ शकतं, ही भीती मला वाटते. वापरून वापरून बाहुली फाटली तर ते लाज वाटण्यासारखं नाही, कौतुकाचं आहे. फाटलेली बाहुली परत मागवता येते. मी अधिकारी असते तर तपासणीच्या वेळी 'बाहुली आहे का' असं न विचारता 'गेल्या आठवड्यात हिच्यावर कुणाकुणाचा हात पडला' असं विचारलं असतं.

बाहुलीने जे शिकवता येत नाही तेही सांगून टाकते. बाहुली घाबरत नाही. ती वारलीत बोलत नाही. तिची सासू दाराशी बसलेली नसते. खऱ्या बाळंतिणीचा हात हातात घेऊन 'भिऊ नको गं' म्हणणं हे कुठल्याही प्लास्टिकवर शिकता येणार नाही, ते थोरल्या सिस्टरच्या पाठीशी उभं राहूनच शिकावं लागतं. शिवाय जागा रिकाम्या असतील, रात्री वीज गेलेली असेल, अंबू बॅगच फाटलेली असेल, तर सरावलेला हात तरी काय करणार? बाहुलीच्या नावाखाली या गोष्टी विसरल्या जाऊ नयेत.

'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' असं आपण म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण आपल्याच खेड्यांत पोरांना विहिरीत उतरवताना पाठीला सुका भोपळा बांधतात. तो बांधून कुणी पट्टीचा पोहणारा होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बांधतात, कारण पोर बुडता कामा नये. नर्सच्या शिकण्यात बुडण्याची भीती तिला स्वतःला नसते, तिच्या हातातल्या बाळाला असते. म्हणून तर तिथे भोपळा जास्तच हवा.

पाड्यावरून रात्री जीपमध्ये बसून येणाऱ्या बाईला यातलं काही ठाऊक नसतं. बेळगाव, हैडम, मिसेस चेस ही नावं तिने कधी ऐकलेली नसतात. नर्सचा हात आजच्याआधी कशावर वळला आहे हे विचारायचं तिला सुचणारही नाही. तिने विचारलं नाही तरी तिच्या वतीने ते आपण विचारावं, एवढंच मला सांगायचं होतं.

वाचणाऱ्यांत कुणी नर्स असाल, किंवा घरात कुणी असेल, तर जरूर लिहा. तुमच्याकडे बाहुली आहे का? ती कुठे ठेवलेली असते? आणि शेवटचा सराव कधी झाला? मी वाट पाहते आहे.